सौम्य करून सांगा

सहदेव गावंडे अमरावतीच्या प्रशिक्षणाला निघाला तो काही शिकायला नव्हे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आता कोण काय शिकवणार, असं त्याचं स्वच्छ मत होतं. त्याला फक्त एक नाव हवं होतं, आणि ते आपल्या तोंडून न निघता दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून निघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

सहदेव अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचा मॅनेजर. त्या मिलमध्ये दोन माणसं अशी होती की त्यांच्याशिवाय पान हलत नसे. एक बिल्कीस, जिला अख्खी मिल आपा म्हणायची. आलेल्या तुरीचा ओलावा मोजायचा आणि पोत्यांची कोणती थप्पी मशीनवर घ्यायची, कोणती अजून वाळू द्यायची, ते ठरवून द्यायचं, हे तिचं काम. दुसरा गोपाल, मशीनचा फोरमन. पोळ्याच्या थोडं आधी एका दिवशी मशीनमधून डाळ कमी आणि चुरीच जास्त पडायला लागली. तूर ओली होती. गोपालचं डोकं फिरलं आणि सगळ्या बायामाणसांपुढे तो बोलून गेला, की आपा दाण्याला हात लावत नाही आणि कागदावर नुसती सही ठोकते. बिल्कीस तेव्हा काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. दिवाळी येऊन गेली, तरी गोपालशी ती एक अक्षर बोलली नव्हती.

आता अबोला धरला म्हणून मिल काही थांबत नाही. हिनं सांगायचं, त्यानं ऐकायचं, हे तर रोजचंच. मग मधे सहदेव उभा राहिला. हिचा निरोप त्याला, त्याचा निरोप हिला. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हेही मान्य करायला हवं. बार्शीटाकळीकडच्या त्याच्या गावात सोयरीक जुळवायची म्हटली की मध्यस्थ म्हणून पहिलं बोलावणं सहदेवला जायचं. सोयरिकीत इकडचा शब्द तिकडे जसाच्या तसा नेणारा मध्यस्थ म्हणजे महामूर्ख. ‘पोरगा काही कामाचा दिसत नाही’ हे इकडचं वाक्य तिकडे ‘नोकरीची जरा चौकशी करावी म्हणतात’ असं होऊन पोचतं, तेव्हा कुठे मांडव पडतो. सहदेवनं असे कितीतरी मांडव घातले होते. तीच विद्या त्यानं मिलमध्ये वापरली, आणि आपण आहोत म्हणून मिल चालते आहे याचा त्याला आतून अभिमानही होता.

पण शेठचा धीर सुटला. एका व्यापाऱ्यानं माल परत पाठवला आणि त्याचं खापर या अबोल्यावर फुटलं. शेठनं सहदेवला बोलावून सांगितलं, की शनिवारी मला एक नाव द्या, दोघांपैकी एकाला काढायचं, कोणाला ते तुम्ही ठरवा. सहदेवचं जेवणावरचं लक्ष उडालं. दोघंही कामाची, दोघंही वर्षानुवर्षांची. कोणाचंही नाव घेतलं तरी पाप आपल्याच माथी. नेमक्या त्याच आठवड्यात उद्योजकांच्या संघटनेनं अमरावतीला मॅनेजर लोकांसाठी गुरुवार-शुक्रवार प्रशिक्षण ठेवलं होतं. वाद कसे सोडवावेत, निर्णय कसे घ्यावेत, हे कॉम्प्युटर शिकवणार म्हणे. सहदेवनं स्वतःहून नाव दिलं. कॉम्प्युटरनंच सांगावं काय ते, असा त्याचा साधा हिशेब होता.

राजकमल चौकाजवळच्या एका हॉलमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक लॅपटॉप ठेवला होता. शिकवणारी प्राजक्ता तिशीतली, अमरावतीचीच, आणि हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींपैकी एक. तिनं सांगितलं, की पडद्यावर एक ऑफिस दिसेल, त्यात रोहित आणि सोनल नावाची दोन माणसं आहेत, त्यांचं पटत नाही, आणि तुम्ही त्यांचे साहेब. ती बोलतील, तुम्ही उत्तर द्यायचं. हवं तर खाली दिलेल्या पर्यायांतला निवडा, हवं तर स्वतः टाइप करा. वर दोन पट्ट्या होत्या. एक ‘तुमच्यावरचा विश्वास’ आणि दुसरी ‘दोघांमधला विश्वास’. चांगलं झालं की पट्टी हिरवी, बिघडलं की लाल.

सहदेवनं आधी ऑफिस न्याहाळलं. काचेच्या भिंती, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, आणि दोघांच्याही कपड्यांवर धुळीचा कण नाही. यांना भांडायला कारण तरी काय मिळालं असेल, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं रोहितला टाइप करून विचारलं, “कावून रे लेका, कावून त्रास देऊन राहिला तिले?” रोहितनं नम्रपणे सांगितलं, की माफ करा सर, मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का? सहदेवला हसू आलं. शेजारच्या मॅनेजरनंही वाकून पाहिलं.

पण थोड्या वेळानं तो हसायचं विसरून गेला. रोहित काहीतरी बोलला आणि खाली पर्याय आले, त्यातले दोन असे: ‘जसंच्या तसं सांगा’ आणि ‘सौम्य करून सांगा’. हे तर आपलंच काम, म्हणून सहदेवनं बिनधास्त दुसरा निवडला. पट्टी थोडी हिरवी झाली. सोनलनं उलट निरोप दिला, तोही त्यानं सौम्य करून पोचवला. पुन्हा थोडी हिरवी. गाडी अशी रंगात आली असताना अचानक सोनलनं राजीनामा दिला आणि खेळ संपला. सहदेव चक्रावला. त्यानं पुन्हा सुरू केलं, यावेळी आणखी गोड बोलून. या खेपेला राजीनामा रोहितनं दिला.

जेवणाची सुट्टी झाली तरी तो जागचा उठला नाही. ही भानगड आहे तरी काय, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. कोण कधी राजीनामा देतं, आधी चेहरा कसा होतो, कुठल्या वाक्यावर पट्टी अडते, हे तो पुन्हा पुन्हा खेळून पाहत राहिला. एकदा तर काहीच न करता नुसता बघत बसला, तर दोघं आपापल्या खुर्चीत बसून राहिली. शेवटी त्यानं प्राजक्तालाच विचारलं, की यात माणूस कोण बसवला आहे? ती म्हणाली, की माणूस नाही काका, पण प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दिलेलं असतं, ते बाहेर येईपर्यंत कोणी शांत होत नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बिल्कीस होती. गोपालले सांगा, दोन नंबरच्या थप्पीले हात लावाचा नाई म्हणजे नाई, एवढं बोलून तिनं ठेवून दिला. सहदेवनं तिथूनच गोपालला लावला आणि सांगितलं, की दोन नंबर जमलं तर राहू दे म्हणते आपा. प्राजक्ता बाजूलाच उभी होती. हे दोघं कुठे असतात, असं तिनं विचारलं. एकाच मिलमध्ये, सहदेव म्हणाला, मधे एक पत्र्याची भिंत आहे. प्राजक्तानं मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं ते सहदेवला दिसलं.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर. आपल्याच माणसांची नावं यात घालता येतील का, असं त्यानं विचारलं. येतील, प्राजक्ता म्हणाली, आजचा कार्यक्रम तोच आहे. तिनं रोहितचा गोपाल आणि सोनलची बिल्कीस करून दिली. काचेचं ऑफिस तसंच राहिलं आणि कॉफीच्या मशीनपाशी गोपाल उभा राहिला, तेव्हा सहदेवला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग भांडणाचं कारण भरायचं होतं, ते त्यानं भरलं. पुढचा प्रश्न होता, की भांडणानंतर पहिल्याने दुसऱ्याबद्दल काय म्हटलं आणि कधी. सहदेवनं टाइप केलं, ‘गोपाल म्हणतो, झालं गेलं सोडून द्या.’ ‘कधी’च्या रकान्यात ‘पोळ्याच्या आधी’ असं लिहिलं; हाच निरोप त्यानं तेव्हा बिल्कीसला नेला होता. पडद्यावर विचारणा झाली, ‘हे त्यांचेच शब्द आहेत का?’

साधी विचारणा होती, पण सहदेवचा हात तिथेच थांबला. नव्हते, ते शब्द गोपालचे नव्हते. भांडणानंतर दोनेक दिवसांनी गोपाल तणतणत त्याच्या केबिनमध्ये आला होता आणि दारातूनच म्हणाला होता, “आपाले सांगा, थप्पी मीच चुकीची काढली. रिपोर्ट तिचा बराबर होता. आता काय गावभर दवंडी पिटू?” सहदेवला तेव्हा त्यातली दवंडी तेवढी ऐकू आली. काय हा उद्धट माणूस, हे असं तिच्यापर्यंत नेलं तर आगीत तेल, असं वाटून त्यानं सगळंच खुडून टाकलं आणि ‘सोडून द्या’ एवढंच पोचवलं. आणि बिल्कीसनं उलट काय सांगितलं होतं? “गोपालले म्हणा, बोलला चार लोकायपुढं, तं आता सुधरवाचं बी चार लोकायपुढंच.” तेही सहदेवला फार तिखट वाटलं. गोपालला त्यानं सांगितलं, की आपा म्हणते, पाहू.

सहदेव खुर्चीत मागे टेकला. म्हणजे ज्यानं चारचौघांत नाव घालवलं तोच वर सोडून द्या म्हणतो, असं तिला वाटलं. आणि आपण चूक कबूल केली तरी ही नुसती पाहू म्हणते, असं त्याला वाटलं. पोळ्यापासून दोघं एकमेकांवर जळत होती ती अशा बोलण्यावर, जे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. एक वेळ शिव्या पोचवल्या असत्या तरी परवडलं असतं.

त्यानं गोपालचे शब्द होते तसे टाइप केले, दवंडीसकट. पडद्यावरच्या बिल्कीसच्या कपाळावर आठी आली आणि ‘दोघांमधला विश्वास’ लाल झाला. झालं, संपलं, असं सहदेवला वाटलं. पण तिनं राजीनामा दिला नाही. तिनं विचारलं, ‘हे ते कधी म्हणाले?’

सहदेवनं इकडेतिकडे पाहिलं, जसं काही खरी बिल्कीसच बघते आहे. मग लिहिलं, ‘कालच.’ काय झालं असेल? दोन्ही पट्ट्या हिरव्यागार. सहदेवला हायसं वाटलं, आपली विद्या अजून चालते तर. पण त्यानं उत्सुकतेपोटी खेळ बंद केला नाही, आणि तेच नडलं. बिल्कीस उठून कॉफीच्या मशीनपाशी गेली, दोघं बोलली, आणि गोपाल म्हणाला, की काल नाही, मी तर पोळ्याच्या आधीच सांगितलं होतं. दोन्ही पट्ट्या अशा लाल झाल्या की पुन्हा हलल्या नाहीत.

त्यानं मागे जाऊन खरं लिहिलं. ‘पोळ्याच्या आधी म्हणाला होता. मी सांगितलं नाही.’ आता बिल्कीस त्याच्याशी बोलेचना. ‘तुमच्यावरचा विश्वास’ तळाला गेला. पण ती उठली, गोपालपाशी गेली, आणि दुसरी पट्टी सावकाश हिरवी होत गेली. सहदेवनं तीनचार वेळा खेळून पाहिलं. शब्द बदलले, कारणं दिली, माफी मागितली, पण दोन्ही पट्ट्या एकदम हिरव्या होण्याची वाट काही त्याला सापडली नाही. त्यानं प्राजक्ताला बोलावून विचारलं, की ही माझी पट्टी पुन्हा कधी हिरवी होते?

“ते आम्ही लिहिलेलंच नाही, काका,” ती म्हणाली. “दोघांचं मिटलं की खेळ संपतो. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.”

संध्याकाळच्या एसटीनं तो अकोल्याला निघाला. मूर्तिजापूर येईपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत होता. आपा, माझ्या लक्षातून गेलं. आपा, वेळ बघून सांगणार होतो. एकेक वाक्य चांगलं गुळगुळीत होतं, आणि एकेक ऐकून त्याला स्वतःचीच चीड येत होती. गप्प राहिलं तर उद्या एकाची नोकरी जाते. बोललं तर बिल्कीसच्या नजरेतून आपण उतरतो, आणि मिलमध्ये सहदेवचा शब्द म्हणजे शब्द, ही इतक्या वर्षांची कमाईही जाते. बोरगाव मंजू मागे पडलं, तेव्हा त्यानं वाक्यं जुळवायचं सोडून दिलं.

शनिवारी सकाळी शेठ यायच्या आत तो थेट बिल्कीसच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ती मूठभर तूर हातावर पसरून बघत होती. सहदेवनं गोपालचं वाक्य सांगितलं, थप्पी, रिपोर्ट, दवंडी, सगळं त्याच्याच तोऱ्यात. बिल्कीसचा हात थांबला. आता ती कधी म्हणून विचारणार, हे त्याला ठाऊक होतं, आणि तिनं तेच विचारलं.

“कधी म्हणे हे?”

“पोळ्याच्या आंधी. मीच नाई सांगतलं, आपा. मले ते उद्धट वाटलं.”

“अन् माहा निरोप?”

“तोही नाई सांगतला.”

पडद्यावरच्या बिल्कीसनं आठी घातली होती. या बिल्कीसनं काहीच केलं नाही. हातातली तूर तिनं नीट पिशवीत परत ओतली, पदराला हात पुसले आणि सहदेव तिथे नाहीच अशा रीतीनं त्याच्या अंगावरून निघून गेली. पत्र्याच्या भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. ती गोपालपाशी जाऊन उभी राहिली; सहदेव भिंतीतल्या दारापाशी थांबून पाहत होता. दोघं बोलत होती, हातवारे होत होते, पण मशीनच्या आवाजात काही कळत नव्हतं. पोळ्यापासून आज पहिल्यांदा त्या दोघांमध्ये काय चाललं आहे हे सहदेवला ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकायला त्याचा जीव नुसता तडफडत होता. मग दोघांनी एकदमच वळून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याला जन्मभर पुरेल.

गोपालनं मशीन बंद केलं. चालत्या मशीनला तो कधी हात लावू देत नसे, त्यामुळे पोती वाहणारे, चाळणीवरच्या बाया, सगळेच काय झालं म्हणून जमले. गोपालची मान काही खाली नव्हती. भांडल्यासारख्याच आवाजात तो म्हणाला, “आयका सगळे. त्या दिवशी थप्पी मीच चुकीची काढली. आपाचा रिपोर्ट बराबर होता. झाली दवंडी. लागा कामाले.” आणि त्यानं मशीन सुरू केलं. बिल्कीस पदर सावरत आपल्या टेबलाकडे परतली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते सहदेवसाठी नव्हतं.

शेठ आले आणि खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी नाव विचारलं. सहदेव म्हणाला, की नाव नाही, भांडण मिटलं. एवढं बोलून थांबता आलं असतं. चांगलं सौम्य वाक्य होतं, खोटंही नव्हतं. पण तो थांबला नाही. कोणी काय निरोप दिला, आपण काय पोचवला, आणि आपल्यामुळे ते कसं लांबलं, हे त्यानं ओळीनं सांगून टाकलं. शेठनं सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं सहदेवला वाटलं होतं, पण ते त्याच्याकडे नव्यानंच बघितल्यासारखे बघत राहिले.

“मंग गावंडे,” ते म्हणाले, “मिलचं जे जे काही आजवर मले सांगत आले, ते असंच होतं का?”

शेठ उत्तरासाठी थांबले नाहीत. दोघंही कामावर राहतील, एवढं सांगून ते गोदामाकडे गेले.

दुपारी गोपाल केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. आपाचा निरोप हाय म्हणाला. सहदेवनं पेन खाली ठेवलं.

“म्हणते, गावंडे साहेबायले सांग, माह्या तोंडचे शब्द यायनं आपल्या मनानं बदलवले. मले त्याचा राग हाय अन् तो लवकर जाणार नाई. जाईन तवा मीच बोलीन. तवरोक मले बोलू नका.”

“असंच म्हणाली?”

“असंच. म्या एक शब्द कमी नाई केला.”

झोंबलं. चांगलंच झोंबलं. पण इतक्या महिन्यांत या मिलमध्ये एखादा निरोप अख्खाच्या अख्खा पोचला तो हाच, हेही सहदेवच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. उलटा निरोप काही द्यायचा आहे का, असं गोपालनं विचारलं. सहदेवच्या जिभेवर सवयीनं दोनचार गोड वाक्यं येऊन उभी राहिली. ती त्यानं गिळली.

“सांग तिले, चूक माही हाय. मी वाट पाहतो.”

गोपाल गेला. सहदेव उठून दारात आला. पत्र्याच्या भिंतीच्या फटीतून बिल्कीसचं टेबल दिसत होतं. गोपाल तिथे उभा राहून बोलत होता, आणि बिल्कीस तुरीवरून नजर न काढता ऐकत होती. आपण दिलं त्यापेक्षा तो जरा जास्तच वेळ बोलतो आहे, असं सहदेवला वाटलं. की कमी? मशीन चालू होतं. तो आपले शब्द होते तसेच नेतो आहे का, हे इथून कळायला काही मार्ग नव्हता.